प्रत्यागती स्प्रिंग

प्रत्यागती स्प्रिंग : अर्धस्वयंचलित पिस्तुलात बार उडाल्यानंतर मागे फेकल्या जाणाऱ्या स्लाइडला (नळीवरील सरकत्या पोलादी आवरणाला) आवर घालणारी आणि तिला पुन्हा पुढे ढकलून पिस्तूल पुढील बारासाठी सिद्ध करणारी वेटोळ्यांची स्प्रिंग. बहुतेक पिस्तुलांत ती नळीच्या खाली किंवा नळीभोवती बसविलेली असते. आकाराने ती साध्या पेनमधील स्प्रिंगची मोठी बहीण वाटावी इतकी क्षुल्लक दिसते. परंतु पिस्तूल अडकणे, न अडकणे आणि त्याचा सांगाडा किती वर्षे टिकणे हे बऱ्याच अंशी तिच्या निवडीवर अवलंबून असते. ‘ताठ स्प्रिंग घातली की धक्का कमी बसतो आणि शस्त्र जास्त टिकते’ अशी समजूत नेमबाजांत व शस्त्रदुरुस्ती करणाऱ्यांतही आढळते. ती अर्धीच खरी आहे व जो अर्धा भाग खोटा आहे तोच अधिक घातक ठरतो.

कार्य : जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) या अमेरिकन अभिकल्पकाचे ०.४५ इंची पिस्तूल अमेरिकेच्या सैन्याने मार्च १९११ मध्ये स्वीकारले. ‘१९११’ याच नावाने ते ओळखले जाते. स्प्रिंगांविषयीची बहुतेक चर्चा आजही याच नमुन्याभोवती होत असल्याने येथेही तोच आधाराला घेतला आहे. या पिस्तुलात बाराच्या क्षणी नळी व स्लाइड नळीवरील कंगोऱ्यांनी एकमेकींत गुंतलेल्या असतात. गोळी पुढे जाऊ लागताच या दोन्ही मिळून मागे सरू लागतात. सुमारे ३ मिमी. मागे आल्या असता गोळी नळीतून बाहेर पडलेली असते. त्यानंतर नळीच्या बुडाशी असलेला एक लहान दुवा नळीचे मागील टोक खाली ओढतो, कंगोरे सुटतात, नळी थांबते आणि स्लाइड एकटीच मागे जात राहते. मागे जाताना ती रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकते, घोडा पाडून सज्ज करते आणि प्रत्यागती स्प्रिंग दाबत जाते. सुमारे ५ सेंमी. प्रवासानंतर ती सांगाड्याशी आपटून थांबते. येथून पुढचे सर्व काम स्प्रिंगेचे. दाबलेली स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते, स्लाइड मॅगझीनमधील वरचे काडतूस उचलून नळीच्या कक्षात सारते, नळी वर चढून पुन्हा कंगोऱ्यांत अडकते आणि पिस्तूल बंद होते. ज्या पद्धतीत नळी थोडे अंतर स्लाइडबरोबर मागे येते, तिला लघु-प्रत्यागती पद्धती म्हणतात.

गणित : स्प्रिंगेचा वाटा किती हे थोड्याशा आकडेमोडीने स्पष्ट होते. ०.४५ इंची सैनिकी काडतुसातील गोळीचे वजन १४.९ ग्रॅ. व वेग सु. २५० मी./से. असतो, म्हणजे तिचा संवेग सु. ३.७ किग्रॅ. मी./से. भरतो. दारूच्या वायूंचा संवेग त्यात मिळविला की एकूण आकडा चारच्या आसपास जातो. क्रिया-प्रतिक्रियेच्या नियमानुसार तेवढाच संवेग उलट दिशेने स्लाइड व नळी यांना मिळतो. दोन्हींचे मिळून वजन सु. अर्धा किग्रॅ. धरल्यास त्यांचा मागे येण्याचा वेग सात-आठ मी./से. होतो.

आता गोळी नळीत असते तो काळ पाहू. तो एक सहस्रांश सेकंदापेक्षाही कमी असतो. पिस्तूल बंद असताना स्प्रिंगेचा दाब ३५ ते ४० न्यूटन असतो. इतक्या अल्प काळात तिने दिलेला आवेग चाराच्या तुलनेत ०.०४ देखील भरत नाही. म्हणजे शंभरात एक भाग. गोळी सुटेपर्यंत स्लाइड रोखून धरण्याचे काम स्प्रिंग करते असे मानणे म्हणूनच चूक आहे. ते काम स्लाइड व नळी यांच्या वजनाचे, म्हणजे त्यांच्या निरूढीचे आहे.

ऊर्जेचा हिशेबही असाच बोलका आहे. नळी थांबल्यानंतर स्लाइडमध्ये साधारणपणे दहा ज्यूलच्या आसपास गतिज ऊर्जा उरते. नेहमीची स्प्रिंग पूर्ण दाबली जाताना सु. ७१ न्यूटन (१६ पौंड किंवा ७.३ किग्रॅ. भार) इतका दाब देते. बंद अवस्थेतील व पूर्ण दाबलेल्या अवस्थेतील दाबांची सरासरी घेऊन तिला ५ सेंमी. अंतराने गुणले, तर स्प्रिंगेने शोषलेली ऊर्जा अडीच ते तीन ज्यूल येते. घोडा पाडण्यात व घर्षणात आणखी थोडी जाते. उरलेली ऊर्जा सांगाड्यावरील आघातातूनच हातापर्यंत पोहोचते. स्प्रिंग दोन पौंडांनी ताठ केली, तर या हिशेबात अर्ध्या ज्यूलाहूनही कमी फरक पडतो. एकूण संवेग तर मुळीच बदलत नाही. तो गोळीने व दारूने ठरविलेला असतो आणि नेमबाजाच्या मनगटाला तो पूर्ण स्वीकारावाच लागतो. स्प्रिंग बदलून बदलते ती धक्क्याची मात्रा नव्हे, तर त्याची वेळेतील वाटणी : मागच्या आघाताचा थोडा भाग ती उचलते आणि पुढच्या आघातात परत करते.

या परतफेडीकडे सहसा दुर्लक्ष होते. ताठ स्प्रिंगेने साठविलेली जादा ऊर्जा स्लाइड पुढे येताना परत मिळते. स्लाइड पुढे थांबते ती नळीखालील पायांवर व त्यांतून आरपार गेलेल्या स्लाइड-अटकावाच्या खिळीवर. मागील आघात वाचविण्याच्या नादात हे नाजूक भाग झिजविले जातात. शिवाय स्लाइड पुढे आपटताना नळीचे तोंड खाली झुकते व नेम पुन्हा जुळविण्यास वेळ लागतो.

पूर्वेतिहास : ही स्प्रिंग नळीखालीच असावी असा काही नियम नाही. ह्यूगो बोर्खार्टच्या १८९३ च्या पिस्तुलात घड्याळाच्या कमानीसारखी पट्टी-स्प्रिंग मागील फुगीर घरात होती. त्यामुळे ते पिस्तूल मागे जड व हाताळण्यास अवघड झाले. त्यावर आधारलेल्या लूगर पिस्तुलात ती मुठीत आली व १९०६ च्या सुधारणेत पट्टीऐवजी वेटोळ्यांची झाली. ब्राउनिंगने आपल्या १९०० च्या पिस्तुलात ती नळीच्या वर ठेवली आणि तिच्याकडूनच आघात-खिळी मारण्याचेही काम करून घेतले. १९१० च्या नमुन्यात ती नळीभोवती आली. ‘१९११’ मध्ये तिला नळीखालील बोगद्यात स्वतंत्र जागा मिळाली व बहुतेक आधुनिक पिस्तुलांनी हीच रचना उचलली.

स्प्रिंगेची ताठरता : बाजारात स्प्रिंगा पौंडांच्या आकड्यावरून विकल्या जातात. १६ पौंडी स्प्रिंग म्हणजे तिचे वजन किंवा बंद पिस्तुलातील तिचा दाब नव्हे. स्लाइड पूर्ण मागे गेली असता, त्या विशिष्ट पिस्तुलात उरणाऱ्या जागेत दाबली गेलेली स्प्रिंग जो दाब देते तो हा आकडा. साहजिकच एका नमुन्याच्या १८ पौंडी स्प्रिंगेची दुसऱ्या नमुन्याच्या १८ पौंडीशी तुलना करण्यात अर्थ नाही.

रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार दाब हा स्प्रिंग जितकी दबते त्या प्रमाणात वाढतो. दर मिलिमीटरमागे होणारी ही वाढ म्हणजे ताठरता. ती तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात आणि वेटोळ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताच्या व वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असते [⟶ स्प्रिंग]. ‘१९११’ ची तार सु. १.१ मिमी. जाडीची असते. ती केवळ पाच टक्क्यांनी जाड घेतली, तर ताठरता सु. २१ टक्क्यांनी वाढते. नजरेला अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन स्प्रिंगा म्हणूनच प्रत्यक्षात पार भिन्न असू शकतात. त्या काट्यावर तोलूनच ओळखाव्यात.

आकड्यात न दिसणारी, पण तितकीच महत्त्वाची बाब म्हणजे स्प्रिंगेची मोकळी लांबी. बंद पिस्तुलातही स्प्रिंग बरीच दबलेली असते व तो आरंभीचा दाबच शेवटच्या काही मिलिमीटरांत काडतूस कक्षात बसवितो, पुंगळीच्या काठावर निष्कर्षकाचा आकडा चढवितो आणि नळी वर उचलून कंगोरे गुंतवितो. याच टप्प्यात स्लाइडचा वेग घटत आलेला असतो. स्प्रिंग मऊ करण्यासाठी काही जण तिची एक-दोन वेटोळी कापून टाकतात. वेटोळी कमी झाल्याने ताठरता उलट वाढते, पण लांबी घटल्याने आरंभीचा दाब कमी होतो. म्हणजे जेथे बळ हवे नेमके तेथेच ते जाते. कारखान्यात मऊ म्हणूनच बनविलेली स्प्रिंग घेणे केव्हाही श्रेयस्कर. असमान अंतराची वेटोळी असलेल्या परिवर्ती स्प्रिंगांतही हाच दोष सौम्य स्वरूपात असतो : शेवटचा आकडा मोठा, पण बंद होतानाचा दाब त्या मानाने कमी. चपट्या तारेच्या स्प्रिंगा मात्र तेवढ्याच जागेत जास्त वेटोळी सामावतात व अधिक टिकतात, म्हणून आधुनिक पिस्तुलांत त्यांचा प्रसार झाला आहे.

निवड : पिस्तूल व काडतूस बनविणाऱ्याने ठरवून दिलेली स्प्रिंग हाच आरंभबिंदू मानावा. तिच्यापासून दूर जाण्यास सबळ कारण हवे. अशी कारणे मुख्यतः दोन असतात. पहिले म्हणजे काडतुसाची शक्ती. लक्ष्यवेधाच्या स्पर्धांत ०.४५ इंची पिस्तुलासाठी पुष्कळदा १२ ग्रॅ. वजनाची गोळी सु. २३० मी./से. वेगाने वापरतात. तिचा संवेग सैनिकी गोळीच्या जेमतेम तीन-चतुर्थांश असतो. १६ पौंडी स्प्रिंगेवर अशा गोळीने स्लाइड कधीकधी पूर्ण मागे जातच नाही. म्हणून १२ ते १४ पौंडी स्प्रिंग घेतात. याउलट जास्त दारूच्या काडतुसांसाठी १८ पौंडांच्या आसपासची स्प्रिंग वापरतात.

दुसरे कारण म्हणजे स्लाइडचे वजन व तिच्या प्रवासाची लांबी. १२.७ सेंमी. नळीच्या मूळ ‘१९११’ ची आखूड आवृत्ती, म्हणजे कोल्ट कंपनीचे कमांडर पिस्तूल, १९५० च्या सुमारास आले. त्याची नळी १०.८ सेंमी. असून सांगाडा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा होता. स्लाइड हलकी असल्यामुळे तोच संवेग तिला अधिक वेग देतो, म्हणून त्यास साधारण १८ पौंडी स्प्रिंग लागते. १९८५ मधील ऑफिसर्स नमुन्याची नळी अवघी ८.९ सेंमी. होती. तिच्याखालच्या तोकड्या जागेत पुरेसे बळ एका स्प्रिंगेत बसेना, म्हणून एकीच्या पोटात दुसरी अशा दोन स्प्रिंगा घालाव्या लागल्या. पिस्तूल जितके लहान, तितकी त्याची स्प्रिंगेबाबतची सहनशीलता कमी असते. खिशातील लहान पिस्तूल मोठ्यापेक्षा अधिक वेळा अडकते, या सार्वत्रिक तक्रारीचे मूळ बरेचसे येथे आहे.

स्प्रिंग फार ताठ असल्याची चिन्हे ठराविक आहेत. रिकामी पुंगळी पायाशीच पडते किंवा बाहेर पडण्याच्या खिडकीत उभी अडकते. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकून राहत नाही. कधी स्लाइड पुरेशी मागे न आल्याने नवे काडतूस उचललेच जात नाही व नेमबाज रिकाम्या कक्षावर चाप ओढतो. आणखी एक प्रकार फसवा आहे. स्लाइड पूर्ण मागे जाते, पण इतक्या वेगाने परतते की मॅगझीनच्या स्प्रिंगेला पुढचे काडतूस वर आणायला उसंतच मिळत नाही. मग स्लाइड काडतुसाच्या बुडाऐवजी मध्यावर आदळते. अशा वेळी दोष मॅगझीनचा समजला जातो. खरे तर या दोन स्प्रिंगांची जोडी जमलेली नसते.

फार मऊ स्प्रिंगेची लक्षणे वेगळी असतात. पुंगळ्या चार-पाच मी. दूर उडतात, सांगाड्यावर आघाताच्या खुणा उमटतात आणि कालांतराने तडे जातात. याहून गंभीर म्हणजे मळ साचलेल्या पिस्तुलात स्लाइड शेवटचे दोन-तीन मिमी. पुढे जात नाही. पिस्तूल पूर्ण बंद झाले नसेल, तर चाप निकामी करण्याची व्यवस्था त्यात असतेच. म्हणजे बार उडतच नाही. मैदानावर याने एक गुण जातो. ज्याच्या कमरेला पिस्तूल कर्तव्य म्हणून आहे, त्या पोलिसाच्या किंवा सैनिकाच्या बाबतीत हिशेब वेगळा असतो. म्हणून स्पर्धक भरवशाने चालणाऱ्यांपैकी सर्वांत मऊ स्प्रिंगेकडे झुकतो, तर सेवेतील शस्त्रासाठी मऊपणापेक्षा बंद होण्याचे बळ अधिक मोलाचे ठरते. दोघांचे सल्ले एकमेकांना लागू नाहीत.

प्रत्यागती स्प्रिंग एकटीच विचारात घेणेही बरोबर नाही. घोड्याची स्प्रिंग मागे जाणाऱ्या स्लाइडला आरंभीच, तेही कमी तरफेने, विरोध करते. ‘१९११’ मध्ये आघात-खिळी धरून ठेवणाऱ्या छोट्या पट्टीच्या खालच्या कडेची गोलाई या विरोधावर मोठा परिणाम करते. मूळची जवळजवळ काटकोनी कड नंतर हाताने स्लाइड ओढणे सोपे व्हावे म्हणून गोलाकार करण्यात आली. ती पुन्हा काटकोनी केली, तर प्रत्यागती स्प्रिंग न बदलताही स्लाइडचा वेग मंदावतो. जोरकस काडतुसांसाठी नुसती स्प्रिंग ताठ करत जाण्यापेक्षा हा उपाय पुष्कळदा अधिक शहाणपणाचा ठरतो.

निवडीची परीक्षा शेवटी मैदानावरच होते. नेहमीच्या काडतुसांनी बार उडविले असता पुंगळ्या साधारण एक ते दोन-अडीच मी. अंतरावर एका जागी पडत असतील, तर स्प्रिंग योग्य असल्याचा संभव असतो. निष्कर्षक व उत्क्षेपक यांच्या ठेवणीचाही यात भाग असल्याने हा पुरावा एकटा पुरेसा नाही. मॅगझीनमध्ये एकच काडतूस घालून स्लाइड मागे अडकते का, हे पाहतात. नंतर एका हाताने, सैल मुठीने बार उडवून तेच पाहतात. मूठ सैल असली की सांगाडाही स्लाइडबरोबर मागे जातो आणि त्यांच्यातील सापेक्ष वेग घटतो. भरल्या मुठीत उत्तम चालणारे पण थकलेल्या किंवा जखमी हातात अडकणारे पिस्तूल या चाचणीत उघडे पडते. लांब स्प्रिंग घातल्यास आणखी एक गोष्ट तपासावी लागते. स्प्रिंग काढून स्लाइड जितकी मागे जाते, तितकीच ती स्प्रिंगेसह गेली पाहिजे. अन्यथा वेटोळी एकमेकांना भिडून स्प्रिंगच अटकाव बनते व लवकर मोडते.

कारखान्यांनाही हा तोल एकदम साधत नाही. ऑस्ट्रियन ग्लॉक कंपनीने २०१० मध्ये आणलेल्या आपल्या चौथ्या पिढीच्या पिस्तुलांत एकात एक अशा दोन स्प्रिंगांचा जोड बसविला होता. पुढच्याच वर्षी तिने त्यांतील काही जोड सुधारित जोडांनी बदलून देण्याची योजना जाहीर केली.

इतर पद्धती : ०.३२ इंची व ०.३८० इंची अशा कमी शक्तीच्या काडतुसांच्या पिस्तुलांत नळी सांगाड्याला पक्की असते आणि कंगोरे नसतातच. या प्रतिधक्का पद्धतीत स्लाइड जड व स्प्रिंग प्रमाणाने ताठ ठेवतात. लहान पिस्तुलाची स्लाइड हाताने ओढणे मोठ्यापेक्षा जड जाते, त्याचे कारण हेच. तरी गोळी सुटेपर्यंत पुंगळी कक्षात धरून ठेवते ती मुख्यतः स्लाइडची निरूढीच. २५ मी. अंतरावरील ऑलिंपिक नेमबाजीची ०.२२ इंची पिस्तुलेही याच जातीची होत. त्यांच्या स्प्रिंगा मंद काडतुसांसाठी मऊ ठेवलेल्या असतात; त्यांत वेगवान काडतुसे वापरल्यास स्लाइड किंवा खटका सांगाड्यावर जोराने आदळतो.

भारतीय सैन्यात व पोलिस दलांत रुळलेले ९ मिमी. पिस्तूल १ ए हे लघु-प्रत्यागती पद्धतीचे असून ब्राउनिंगच्या १९३५ च्या नमुन्यावरून, दुसऱ्या महायुद्धात कॅनडात बनलेल्या आवृत्तीच्या धर्तीवर, पश्चिम बंगालमधील ईशापूर येथे बनविण्यात येऊ लागले. त्यात दुव्याऐवजी नळीच्या बुडाशी कापलेली उतरती खाच नळी खाली ओढते. प्रत्यागती स्प्रिंग मात्र नळीखालीच, दांडीवर बसविलेली आहे. ९ मिमी. काडतूस पिस्तूल व कारबाइन या दोन्हींत चालते. कारबाइनसाठी जोरकस भरलेली काडतुसे पिस्तुलात वापरल्यास सांगाड्यावरील ताण वाढतो, हे शस्त्रागार सांभाळणाऱ्याने ध्यानी ठेवावे लागते.

झीज व निगा : नवी स्प्रिंग पहिल्या काही दाबांतच किंचित आखूड होते व मग बराच काळ स्थिर राहते. हा दोष नव्हे. पुढे मात्र हजारो वेळा दबून पोलादाला शिणवटा येतो, लांबी घटत जाते आणि पुंगळ्या हळूहळू दूर पडू लागतात. ‘१९११’ सारख्या पिस्तुलात काही हजार बारांनंतर स्प्रिंग बदलतात. आखूड पिस्तुलांत ती बरीच आधी बदलावी लागते. नवी स्प्रिंग शेजारी ठेवून लांबी ताडणे ही सोपी कसोटी आहे. बारांची नोंदवही ठेवणे त्याहून चांगले, कारण लांबी टिकूनही वेटोळ्याला सूक्ष्म तडा गेलेला असू शकतो. स्प्रिंगेची किंमत सांगाड्याच्या तुलनेत नगण्य असते, तरीही ती तुटेपर्यंत वापरण्याची सवय सर्वत्र दिसते. बदलताना मॅगझीन काढून कक्ष रिकामा असल्याची खात्री करावी आणि नळीच्या तोंडाखालचे टोपण अंगठ्याने दाबून धरूनच बुशिंग फिरवावे. हात निसटला तर टोपण व स्प्रिंग सरळ चेहऱ्याच्या दिशेने उडतात. म्हणून डोळ्यांवर चष्मा असावा.